भाग ३१ : नाताळची भेट सेकंड हँड असेल तर?

आजचा भाग मी रात्री साडेदहाला रेकॉर्ड करतेय, कारण आजचा विषय घरातल्या एका माणसाच्या कानावर पडता कामा नये. तो माणूस सहा वर्षांचा आहे आणि त्याचे कान फार तिखट आहेत. तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर समजून घ्या. आणि हो, तुमच्या आजूबाजूला सँटावर विश्वास असलेलं कोणी असेल, तर आधी हेडफोन लावा.

मागच्या भागात मी ओघात बोलून गेले की आमच्याकडे नाताळची मोठी भेट गेली दोन वर्षं वापरलेली असते. त्यावर बरेच मेसेज आले. निम्मे म्हणतात, कुठून घेता, आम्हालाही सांगा. उरलेले म्हणतात, असं कसं देता, मुलाला वाईट नाही वाटत? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण त्याचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं मागे जावं लागेल.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथे मूल चार वर्षांचं झालं की त्यानंतरच्या सप्टेंबरात शाळेत जातं, त्या पहिल्या वर्गाला रिसेप्शन म्हणतात. चिरंजीव रिसेप्शनला गेले आणि ऑक्टोबरात नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं. भाडं तेवढंच, पगार एक. आता तुम्ही म्हणाल, मग नाताळ कशाला करायचा, आपली दिवाळी झाली की! अहो, पण इथे डिसेंबर लागला की शाळेत दुसरं काही नसतंच. नाटक, स्वेटर, सँटाला पत्र. आणि जानेवारीत शाळा उघडली की पहिला प्रश्न एकच, तुला काय मिळालं? चार वर्षांच्या पोराने तिथे उभं राहून ‘आमचा सण वेगळा आहे’ असं सांगावं, ही अपेक्षा मला तरी करवली नाही.

त्याला हवी होती लाकडी आगगाडी. लायब्ररीत एकदा खेळला होता, तेव्हापासून झोपेतही रूळ. दुकानात पूल आणि क्रेनवाला सेट पाहिला तर ६० पौंडांच्या वर. मी डबा परत ठेवला आणि पाच मिनिटं उगाचच मोज्यांच्या विभागात उभी राहिले.

मग एका रविवारी सकाळी कार बूट सेलला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या मैदानात लोक गाड्या आणून लावतात, मागची डिकी उघडतात, समोर टेबल मांडतात आणि घरातलं नको असलेलं सामान विकतात. साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत जोर असतो, कारण पुढे पाऊस आणि चिखल. तिथे एका बाईंकडे पिशवीभर रूळ, एक पूल, चार डबे आणि एक इंजिन होतं. दहा म्हणाल्या, मी सात म्हटलं. तुळशीबागेत घेतलेलं शिक्षण वाया जात नाही.

दुसरा पर्याय चॅरिटी शॉपचा. इथे जवळजवळ प्रत्येक बाजाररस्त्यावर दोन-तीन असतात. लोक सामान देतात, दुकान ते विकतं आणि पैसे संस्थेच्या कामाला जातात. ऑक्सफॅम, मुलांसाठी काम करणारी बर्नार्डोज, हृदयविकारावरच्या संशोधनाला पैसा पुरवणारी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, अशा कितीतरी. बरेच लोक तिथे डिसेंबरात जातात आणि मग खेळण्यांचं फडताळ रिकामं बघून परत येतात. माझं ऐकाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. त्याहून चांगला महिना जानेवारी, कारण नवी खेळणी आल्यावर घराघरांतून जुनी बाहेर पडतात. अकरा महिने आधी घेऊन ठेवायला माळा मात्र हवा.

काय घ्यायचं, हे मी एका वाक्यात सांगते: अपुरं असलं तरी चालणारं खेळणं. लाकडी रूळ घ्या. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने आपली लाकडी रेल्वे १९५८ मध्ये आणली आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनी साधारण तशाच जोडाचे रूळ केले. त्यामुळे तीन वेगवेगळ्या घरांतले रूळ बहुतेक वेळा एकमेकांत बसतात. लेगोचंही तसंच. आजच्या विटेचं पेटंट १९५८ चंच, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. लहान मुलांसाठीचं डुप्लो १९६९ मध्ये आलं. त्याची वीट लेगोच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच, म्हणून पुढे लेगो आणलं तरी दोन्ही एकत्र जुळतात. अशा खेळण्यात चार तुकडे कमी असले तर मुलाला कळतही नाही. उलट १०० तुकड्यांच्या जिगसॉमध्ये एक कमी असेल, तर नाताळच्या दिवशी दुपारी चार वाजता घरात जे होतं ते मी पाहिलंय. जिगसॉ घ्यायचंच असेल तर आधी स्वतः लावून बघा. हो, पूर्ण लावा.

आता जे घ्यायचं नाही ते. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई नको.

बटणासारख्या चपट्या बॅटरीचं खेळणं असेल आणि त्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर ते सरळ खाली ठेवा. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. छोटे, ताकदवान लोहचुंबक असलेलं काहीही नको, कारण दोन गिळले गेले तर आतड्याच्या आरपार एकमेकांना ओढतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी पर्समध्ये ठेवा. जी वस्तू त्या नळीतून आत जाते, ती त्या मुलासाठी फार लहान. मी दुकानात ही नळी काढते तेव्हा नवरा दुसऱ्या फडताळाकडे निघून जातो.

आणि जुनं प्लास्टिक. ‘पूर्वीची खेळणी काय मजबूत होती’ हे वाक्य मीही म्हणायचे. पण २०१८ मध्ये प्लिमथ विद्यापीठातलं एक संशोधन आलं. त्यांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या घरांतून, पाळणाघरांतून आणि चॅरिटी शॉपमधून २०० वापरलेली प्लास्टिकची खेळणी तपासली. बऱ्याच खेळण्यांत शिसं, कॅडमियम असे घातक घटक सापडले आणि त्यात लाल, पिवळ्या, काळ्या रंगाची खेळणी पुढे होती. म्हणून मी मूल तोंडात घालेल असं फार जुनं, रंग उडालेलं प्लास्टिक घेत नाही, कितीही गोंडस असलं तरी. लाकडी खेळण्याचा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल तर तेही नाही. सीईची खूण दिसते का ते बघते. टेडीच्या शेपटाजवळ ती पट्टी असते, बऱ्याच चॅरिटी शॉप त्या पट्टीशिवाय टेडी घेतच नाहीत.

घरी आणल्यावर धुणं. लेगो-डुप्लो जाळीच्या पिशवीत भरून बादलीत, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, आकार बिघडतो. लाकूड कधीही भिजत घालू नका, फुगतं. ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. बॅटरीच्या खणात पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर घाबरून टाकू नका, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन हातमोजे घालून पुसा. आमच्या इंजिनाचं तेच झालं होतं. मी सात पौंडांतले चार पाण्यात गेले असं धरून चालले होते. पुसलं, नवी बॅटरी घातली आणि रात्री बारा वाजता ते स्वयंपाकघराच्या फरशीवर चालायला लागलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. त्या महिन्यात आमच्या घरात नीट चालणारी ती पहिलीच गोष्ट होती बहुतेक.

आता खरा प्रश्न. डबा नाही, चकचकीत वेष्टण नाही, मग भेट वाटणार कशी?

एक गोष्ट लक्षात घ्या. नवं खेळणं मुलाच्या हातात पडतं आणि पुढची वीस मिनिटं काय होतं? बाबा कात्री शोधतात. प्लास्टिकचे पट्टे, तारा, पिना, मग ‘बॅटरी समाविष्ट नाही’. मूल बाजूला रडतंय. जुन्या खेळण्याची मोठी श्रीमंती ही की ते आधीच उघडलेलं असतं. म्हणून ते पॅक करूच नका, मांडा. आम्ही २४ तारखेच्या रात्री सगळे रूळ हॉलमध्ये मांडले. सोफ्याखालून बोगदा, खुर्चीच्या पायाला वळसा, पुस्तकांचा डोंगर. बुटांच्या खोक्याचं स्टेशन, त्यावर मराठीत पाटी. वर माझी जुनी जरीची ओढणी अंथरली. सकाळी त्याने ओढणी ओढली आणि मी बटण दाबून इंजिन सोडलं. डब्याची आठवण त्यालाही आली नाही, आम्हालाही नाही. लहान मुलाला किंमत कळत नाही, नवं-जुनंही फारसं कळत नाही. पण आपल्यासाठी कोणीतरी रात्रीत काहीतरी उभं केलंय, हे मात्र बरोबर कळतं.

एक छोटी वस्तू मात्र कोरी हवी. तेव्हा मी दोन पौंडांचे लाकडी प्रवासी आणले होते. नवी बॅटरी, नवा टेप, बाहुलीला नवा फ्रॉक, काहीही. ती वस्तू हातात उघडायला दिली की कागद फाडण्याची हौसही भागते.

इथवर सगळं छान. आता माझी चूक.

मी त्याला सांगितलं की गाडी सँटाने आणली. २६ तारखेला संध्याकाळी त्याने इंजिन उलटं केलं. खाली निळ्या मार्करने एक नाव लिहिलेलं. मी सगळं पुसलं होतं, ते तेवढं राहिलं. आणि रिसेप्शनमध्ये काय शिकवतात? अक्षरांचे आवाज जोडून वाचायला! त्याने बोट ठेवून, एकेक आवाज काढत, ते नाव वाचलं. मला विचारलं, हा कोण? मी गडबडले. म्हटलं, कंपनीचं नाव असेल रे.

तो म्हणाला, “नाही. हा आमच्या वर्गात आहे.”

त्या नावाचा एक मुलगा खरंच त्याच्या वर्गात होता. आमच्या गाडीशी त्याचा काही संबंध नव्हता, नाव अगदी नेहमीचं. पण चार वर्षांच्या डोक्यात हिशोब पक्का झाला: सँटाचा घोळ झाला, मित्राची गाडी आपल्याकडे आली, आणि तिकडे तो बिचारा गाडीशिवाय बसलाय. याने इंजिन उचललं आणि शाळेच्या दप्तरात ठेवलं. शाळा उघडल्यावर परत द्यायचं म्हणून. खेळणं बंद. मी दोनदा समजावलं, दोनदा त्याने ऐकून घेतलं आणि इंजिन दप्तरातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मी खाली बसून खरं सांगितलं. गाडी सँटाने नाही, मी आणली. एका मुलाची होती, तो मोठा झाला, त्याच्या आईने विकली, मी पैसे देऊन घेतली. सँटाने आणले ते मोज्यातले खडू आणि संत्रं. तो बराच वेळ गप्प. मग विचारलं, “तो रडला का?” मी म्हटलं, मला नाही वाटत. “किती मोठा झाला?” म्हटलं, ते नाही विचारलं मी. मी म्हटलं, आपण पॉलिश पेपरने ते नाव घासून टाकू या का? तर एकदम ओरडला, “नको! ते इंजिनाचं नाव आहे!”

आणि ते नाव आजही आहे. इंजिनाला त्याच नावाने हाक मारली जाते.

म्हणजे ‘मुलाला वाईट नाही वाटत का’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जुनं असल्याचं वाईट त्याला वाटलंच नाही. आपण दुसऱ्याचं काहीतरी घेऊन बसलोय याचं वाटलं, आणि ते माझ्या थापेमुळे. तेव्हापासून आमचा नियम म्हणजे मोठी भेट आई-बाबांची, सँटाची फक्त मोज्यातली छोटी. इथली बरीच कुटुंबं तसंच करतात, त्यामागे आणखी एक कारण असतं. एका मुलाला सँटा टॅब्लेट देतो आणि दुसऱ्याला रंगपेटी, तर दुसऱ्याने काय समजायचं? मी वाईट वागलो? महागडं श्रेय सँटाला देऊच नये.

मोठ्यांना समजावणं मात्र फार जड गेलं. त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी सगळं ऐकलं. सांगलीहून म्हणाल्या, “अगं, लोकांनी टाकलेलं पोराला देतेस? एवढी वेळ आली होती तर मला सांगायचं ना, मी पाठवले असते पैसे.”

मला ते लागलं. कारण वेळ आलीच होती, आणि आम्ही त्यांना काँट्रॅक्टचं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “अहो आई, टाकलेलं नाही, विकलेलं आहे.” मग मी भांडायच्या तयारीने सगळी उदाहरणं काढली. बाळाला पहिलं अंगडं जुनं, मऊ झालेलंच घालतो ना आपण? गोधडी कशाची शिवतो? आणि तुमची ती पितळेची भातुकली, तुमच्या आईची, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली, ती वन्संनी खेळली, उद्या नातवंडं खेळतील, तिला कोणी सेकंड हँड म्हणतं का?

त्या शांतपणे म्हणाल्या, “ती घरातली गं.”

खरं सांगू? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. घरातल्या जुन्याला आठवण असते, परक्याच्या जुन्याला फक्त डाग. फरक आहे. पण त्या वाक्याने मला पुढच्या वर्षाची युक्ती दिली. परक्याच्या वस्तूत घरातलं काहीतरी घालायचं.

पुढच्या ऑक्टोबरात आयकियाचं खेळण्यातलं लाकडी किचन फेसबुक मार्केटप्लेसवर १५ पौंडांना मिळालं. एक दार सैल, नळ गायब. नवऱ्याने, त्याला तोवर काम मिळालं होतं, दाराला नवे स्क्रू लावले आणि शॉवरच्या जुन्या तुकड्याचा नळ केला. सासूबाईंना मी फोन करून म्हटलं, आई, एक काम आहे. त्यांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर भातुकलीतलं पोळपाट-लाटणं, एक पातेलं आणि इवलीशी परात पाठवली. पूर्ण संच नाही पाठवला हं, तीनच वस्तू. बाकीच्या सांगलीलाच, “आल्यावर खेळू दे” म्हणून.

आणि मांडणी? हॉटेलचं उद्घाटन! दारात लाल फीत, ताटात कात्री, खोटा नारळ, फळ्यावर पदार्थांची यादी: चहा, पोहे, पिझ्झा. व्हिडिओ कॉलवर सासूबाई प्रमुख पाहुण्या. किचन आधी दुसऱ्या एका ताईचं होतं, हे त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने फीत कापली, किचनची सगळी दारं उघडून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “त्या ताईने काही विसरलंय का आत?” खरंच विसरली होती. मागच्या फटीत प्लास्टिकचं अर्धं तळलेलं अंडं अडकलेलं. ते आता यादीत आहे, पाच पौंडांना. पोहे दोन पौंड.

यंदाचं काय आहे ते सांगत नाही, कारण आत्ता जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली. एवढंच सांगते की माळ्यावर पिशवी जानेवारीपासून आहे, आणि आतली एक बॅटरी अजून साफ करायची राहिलीय.

तुमच्याकडे काय मिळालं, कुठल्या जिगसॉने दगा दिला, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवते. चला, दिवा बंद करते.